मूळ नक्षत्राचे मूळ : तारकागुच्छांतील ताऱ्यांचा जन्म आणि जीवनक्रम

मराठवाड्यातील माणसाची नक्षत्रांशी दोन प्रकारे ओळख असते. पहिली ओळख शेताच्या बांधावरची. रोहिणीत मशागत उरकायची, मृग लागला की पेरणीची घाई करायची आणि मघा-पूर्वा कोरड्या गेल्या की सिंदफणेच्या धरणाकडे काळजीने पाहायचे, हा माजलगाव परिसराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. दुसरी ओळख जन्मपत्रिकेतली. मूल कोणत्या नक्षत्रावर जन्मले, यावरून त्याचे नाव, नशीब आणि पुढे त्याचे लग्नही ठरवले जाते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, असे सांगून चांगल्या चांगल्या मुलींची स्थळे मोडल्याचे आपण सर्वांनी ऐकले आहे.

या दोन ओळखींच्या पलीकडे नक्षत्रांची तिसरी ओळख आहे आणि ती विज्ञानाने करून दिलेली आहे. ज्या ताऱ्यांवर आपण आपल्या जन्माचा भार टाकतो, त्या ताऱ्यांनाही जन्म आहे, बाल्य आहे, वार्धक्य आहे आणि अंत आहे. त्यांचा जन्म कसा होतो, हे समजून घेण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे तरुण तारकागुच्छ. प्रस्तुत लेखात त्या तारकागुच्छांचा परिचय करून द्यावयाचा आहे.

ताऱ्यांचा कच्चा माल

ताऱ्यांमधील अवकाश आपल्याला रिकामे भासते, परंतु ते पूर्णतः रिकामे नाही. त्यात वायू आणि धूळ यांचे अतिविशाल मेघ पसरलेले आहेत. या मेघांच्या वस्तुमानात सुमारे 70 टक्के हायड्रोजन आणि त्याखालोखाल हेलियम असतो. कार्बन, ऑक्सिजन, लोह इत्यादी बाकी सर्व मूलद्रव्ये मिळून एक-दोन टक्क्यांच्या घरात भरतात. हे मेघ विलक्षण थंड असतात. त्यांच्या दाट भागांचे तापमान उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विरळही इतके की, त्यांच्या एका घन सेंटिमीटरमध्ये काही शे ते काही हजार रेणू असतात. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एवढ्याच जागेत रेणूंची संख्या एकावर एकोणीस शून्ये या आकड्याहूनही अधिक असते.

अशा मेघात दोन बले सतत एकमेकांशी झगडत असतात. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते, तर वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो. मेघाचा एखादा भाग पुरेसा थंड आणि पुरेसा दाट झाला की गुरुत्वाकर्षणाची सरशी होते व तो भाग स्वतःच्याच भाराने आत कोसळू लागतो. ही सीमा कोठे असते, याचे गणित इंग्लंडमधील जेम्स जीन्स यांनी 1902 मध्ये मांडले. मेघ थंड असणे येथे महत्त्वाचे आहे. उष्ण वायूचा दाब अधिक असल्यामुळे तो सहजासहजी कोसळत नाही. आकाशातील सर्वांत तप्त वस्तूंचा उगम सर्वांत थंड ठिकाणी होतो, तो यामुळेच.

मेघापासून ताऱ्यापर्यंत

विशाल मेघ कोसळताना अखंड राहत नाही. त्याचे लहानमोठे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा आपल्या केंद्राकडे आकसू लागतो. म्हणून तारे बहुधा एकेकटे जन्मत नाहीत. एकाच मेघातून शेकडो, कधी हजारो तारे जवळजवळ एकाच काळी जन्माला येतात. हाच तारकागुच्छ.

आकसणाऱ्या तुकड्याच्या मध्यभागी वायू दाटतो, दाबला जातो आणि तापतो. या अवस्थेतील गोळ्याला आदितारा म्हणतात. मूळ तुकड्याला असलेली मंद गिरकी आकसताना वेगवान होते. त्यामुळे सर्व वायू थेट केंद्रात न पडता आदिताऱ्याभोवती एक फिरती चकती तयार होते. या चकतीतील द्रव्य हळूहळू ताऱ्यावर पडत राहते, तर काही द्रव्य ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून प्रचंड वेगाने झोतांच्या रूपाने बाहेर फेकले जाते. उरलेल्या चकतीत धुळीचे कण एकमेकांना चिकटून पुढे ग्रह बनतात. आपली पृथ्वी अशाच चकतीत घडली.

आदितारा प्रकाशतो, पण तो प्रकाश आकसण्यातून निर्माण झालेल्या उष्णतेचा असतो. केंद्राचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचले की हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संमीलन होऊन हेलियम बनू लागतो आणि त्यातून अपार ऊर्जा बाहेर पडते. या ऊर्जेमुळे आतला दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो, आकसणे थांबते आणि तारा स्थिर होतो. सूर्याला या स्थैर्यापर्यंत पोहोचण्यास काही कोटी वर्षे लागली. ज्या गोळ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठ टक्क्यांहून कमी राहते, त्याच्या केंद्रात हायड्रोजनची भट्टी कायमची पेटत नाही. तो हळूहळू निवत जातो.

अपुरी लेणी आणि तारकागुच्छ

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. माणसाचे आयुष्य जेमतेम शंभर वर्षांचे. मग कोट्यवधी वर्षे चालणारी ही घडण आपल्याला कशी कळली?

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. लेणी कोरताना पाहिलेला मनुष्य आज हयात नाही, तरीही ती कशी कोरली गेली, हे आपण सांगू शकतो. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले. तेथे कोठे केवळ खडक फोडलेला आहे, कोठे खांबांचे ओबडधोबड आकार उभे आहेत, तर कोठे काम पूर्णत्वाला गेलेले आहे. वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेले काम शेजारी शेजारी ठेवून पाहिले की शिल्पकारांची पद्धत उलगडते. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. एका ताऱ्याचे आयुष्य पाहत बसण्याऐवजी ते निरनिराळ्या वयांचे तारकागुच्छ शेजारी ठेवतात.

तारकागुच्छाचा विशेष लाभ असा की, त्यातील सर्व तारे एकाच द्रव्याचे, जवळजवळ एकाच वयाचे आणि आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. मग त्यांच्यात जो फरक दिसतो, तो मुख्यतः वस्तुमानामुळे पडलेला असतो. डेन्मार्कचे हर्ट्झस्प्रुंग यांनी 1911 मध्ये कृत्तिका आणि रोहिणी या दोन गुच्छांतील ताऱ्यांचा रंग व तेज यांचा आलेख काढला. रंगावरून ताऱ्याचे तापमान कळते. निळसर तारा अधिक तप्त, तर तांबूस तारा कमी तप्त असतो. आलेखावर तारे विखुरलेले न दिसता एका पट्ट्यात ओळीने बसले. या पट्ट्याला मुख्य क्रम म्हणतात. हायड्रोजन जाळणारा तारा आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ या क्रमात घालवतो.

जड ताऱ्याकडे इंधन अधिक असते, पण तो ते फारच उधळेपणाने जाळतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे 1000 कोटी वर्षांचे असून त्यापैकी 460 कोटी वर्षे सरली आहेत. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो. चाळीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याला काही दशलक्ष वर्षेच मिळतात. याउलट लहान, तांबूस तारे इतके काटकसरी असतात की, विश्वाच्या आजवरच्या 1380 कोटी वर्षांत त्यांच्यापैकी एकाचेही इंधन संपलेले नाही. म्हणून गुच्छातील कोणते तारे मुख्य क्रम सोडून गेले आहेत, हे पाहिले की त्या गुच्छाचे वय कळते.

आपल्या आकाशातील चार टप्पे

हे सर्व टप्पे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्या मृगाच्या नावाने आपण पेरणी करतो, ते नक्षत्र पावसाळ्याच्या आरंभी दिसत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. ते पाहावे हिवाळ्याच्या रात्री. ऊसतोडीला गेलेले आपले आई-वडील डिसेंबरात पहाटे चारला कोयता घेऊन फडात उतरतात, तेव्हा मृग पश्चिमेकडे झुकलेला असतो. त्यातील बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांच्या दक्षिणेस बारीक ताऱ्यांची एक उभी ओळ आहे. त्या ओळीच्या मध्यावर एक धूसर ठिपका दिसतो. हा मृगातील तेजोमेघ. तो सुमारे 1350 प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा ह्युएन त्संग यांच्या महाराष्ट्रभेटीला जेमतेम तीन दशके झाली होती. या मेघात दोन हजारांहून अधिक तारे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे वय दहा ते तीस लाख वर्षे इतके कोवळे आहे. हबल दुर्बिणीला येथे तरुण ताऱ्यांभोवतीच्या शेकड्याहून अधिक चकत्या दिसल्या.

दुसरा टप्पा कृत्तिकांचा. अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षे आणि वय दहा-बारा कोटी वर्षे. आज दिसणारा त्यांचा प्रकाश अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात निघालेला आहे. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, प्रत्यक्षात या गुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत. कृत्तिकांचे तेजस्वी तारे निळसर आहेत, पण त्यांच्याहूनही जड तारे एव्हाना नष्ट झाले आहेत. छायाचित्रात त्यांच्याभोवती दिसणारा निळा धूसरपणा त्यांच्या जन्माच्या मेघाचा नाही. सध्या हा गुच्छ ज्या धुळीतून जात आहे, तिच्यावर पडलेला तो त्यांचाच उजेड आहे.

तिसरा टप्पा रोहिणीचा. अंतर सुमारे 150 प्रकाशवर्षे, वय 60 कोटी वर्षांहून अधिक. रोहिणीचा तांबूस ठळक तारा या गुच्छाचा सदस्य नाही. तो आपल्या अधिक जवळ आहे व केवळ त्याच दिशेला दिसतो. या गुच्छात निळे, जड तारे उरलेले नाहीत आणि काही तारे फुगून राक्षसी अवस्थेला पोहोचले आहेत.

चौथा टप्पा कर्क राशीतील एका मंद गुच्छाचा. त्यासाठी दुर्बीण लागते. मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक 67 असून त्याचे वय सुमारे 400 कोटी वर्षे आहे. येथे सूर्याहून थोडे जड तारेही वार्धक्याकडे निघाले आहेत. आपल्या सूर्याचे पुढे काय होणार, हे पाहावयाचे असल्यास येथे पाहावे. सूर्यासारखा तारा फुगतो, त्याची बाह्य आवरणे अवकाशात विरतात आणि मागे पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेतखुजा तारा उरतो. सूर्याच्या आठपटींहून जड तारे बहुधा महास्फोटाने संपतात व मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर ठेवतात.

धुळीआडचे दर्शन

तरुण तारकागुच्छ पाहण्यात एक मोठी अडचण आहे. ज्या मेघात तारे जन्मतात, त्याच मेघातील धूळ त्यांना झाकून टाकते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश धुळीत अडतो. अवरक्त किरण आणि रेडिओ लहरी मात्र तिच्यातून पार होतात. या कामी महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 100 सेंटिमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण फुग्याला बांधून हैदराबादहून आकाशात सोडली आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा वेध घेतला. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. नवजात जड ताऱ्यांच्या तीव्र किरणांनी सभोवतालच्या हायड्रोजन अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो तप्त वायू रेडिओ लहरी प्रसृत करतो. या लहरी टिपून खोडदची दुर्बीण धुळीआडच्या तरुण गुच्छांचा नकाशा काढते.

पंगतीबाहेरचा शास्त्रज्ञ

तारे कशाचे बनलेले आहेत, हे सांगणारी किल्ली एका भारतीयाने दिली. मेघनाद साहा यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, खालच्या मानल्या गेलेल्या जातीतील गरीब दुकानदाराच्या घरी झाला. कलकत्त्याला शिकत असताना ईडन हिंदू वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका पंगतीत जेवण्यास हरकत घेतली. त्याच तरुणाने 1920 मध्ये अणूंच्या आयनीभवनाचे समीकरण मांडले. ठराविक तापमानाला आणि दाबाला किती अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, हे त्या समीकरणाने कळते. त्यामुळे ताऱ्यांच्या प्रकाशातील काळ्या रेषा प्रथमच नीट वाचता आल्या.

सिसिलिया पेन या तरुणीने हे समीकरण वापरून 1925 च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले आहेत. तारे पृथ्वीसारख्याच द्रव्यांचे असतात, अशी त्या काळच्या विद्वानांची धारणा होती. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तिचा निष्कर्ष अशक्य ठरवला आणि तो खरा नसावा, असे तिला स्वतःच्याच प्रबंधात नमूद करावे लागले. चार वर्षांनी रसेल यांना वेगळ्या मार्गाने तोच निष्कर्ष मिळाला व तिचे म्हणणे मान्य झाले. ताऱ्याचे रहस्य पंगतीबाहेर बसवलेला एक मुलगा आणि बाजूला सारलेली एक मुलगी, या दोघांनी उलगडले, ही गोष्ट आपल्या निवासी शाळेतील प्रत्येक मुलामुलीला ठाऊक असावी. आपल्या भोजनगृहात सर्व मुले एका पंगतीत बसतात. या साध्या गोष्टीचे मोल साहांच्या चरित्रावरून कळते.

पुढे साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील पंचांगांची तपासणी केली. पारंपरिक पंचांगे ऋतुमानापेक्षा सुमारे 23 दिवसांनी चुकलेली आढळली. 1957 पासून भारताने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका ही त्या समितीच्या शिफारशीचे फळ होय.

मूळ नक्षत्राचे मूळ

आता पुन्हा मूळ नक्षत्राकडे वळू. मूळ म्हणजे वृश्चिकाची शेपटी, विंचवाची नांगी. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहिले तर ती वळणदार शेपटी स्पष्ट दिसते. नांगीच्या जरा पूर्वेला व उत्तरेला नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दोन धूसर पुंजके आहेत. मेसिए यांच्या यादीतील सातव्या आणि सहाव्या क्रमांकाचे हे तारकागुच्छ असून त्यांची वये अनुक्रमे सुमारे 20 कोटी आणि 10 कोटी वर्षे आहेत. शेपटीच्या वळणाजवळ आणखी एक गुच्छ आहे. त्याचे वय 70 लाख वर्षांच्या आतले असून सूर्याहून कितीतरी पटींनी जड असे निळे तारे त्यात दाटीने आहेत. ज्या नक्षत्राला आपण अशुभ म्हणतो, त्या दिशेला प्रत्यक्षात ताऱ्यांचे पाळणाघर आहे. तेथील तारे शेकडो-हजारो प्रकाशवर्षे दूर आहेत. माजलगावात कोणाची लेक जन्मली, याची त्यांना वार्ताही नाही.

फलज्योतिषाची चाचणीही महाराष्ट्रात झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व अन्य सहकाऱ्यांसह 2008 मध्ये ती घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या पत्रिका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी प्रत्येकी 40 पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातील मुलाची, हे ओळखण्यास सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी पन्नास टक्के बरोबर येतात.

आपल्या परंपरेत ही दृष्टी नवी नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहनक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरणे श्रमणाला न शोभणारे मानले आहे. नक्खत्तजातकात एका लग्नाची कथा आहे. ठरलेल्या दिवशी नक्षत्र चांगले नाही, असे एका आजीवकाने रागाने सांगितले, म्हणून वरपक्ष गेलाच नाही. वाट पाहून वधूपक्षाने मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी भांडण झाले, तेव्हा एका शहाण्या माणसाने नक्षत्र पाहत बसणाऱ्यांचा मूर्खपणा त्यांच्या पदरात घातला. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कथा आजही शिळी झालेली नाही, ही खेदाची बाब आहे.

येथे कोणी असा युक्तिवाद करील की, ताऱ्याचे आयुष्य तरी जन्माच्या वेळच्या वस्तुमानानेच ठरते ना? मग माणसाचे जन्मावरून का ठरू नये? हा युक्तिवाद दोन्ही अंगांनी लंगडा आहे. ताऱ्याचे वस्तुमान हे त्याचे कुळ नव्हे. एकाच मेघातून, एकाच द्रव्यातून जड तारे आणि हलके तारे जन्मतात. कोणाच्या वाट्याला किती वायू आला, यावर ते अवलंबून असते. फरक द्रव्यात नाही, मिळालेल्या सामग्रीत आहे. आणि ताऱ्याला आपली परिस्थिती बदलता येत नाही, माणसाला येते. वाट्याला आलेली सामग्री शिक्षणाने वाढवता येते, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या जीवनाने सिद्ध केले. ऊसतोड कामगाराच्या मुलाला सहा महिने फडात न नेता शाळेत ठेवले की काय घडते, याची साक्ष ही स्मरणिका वाचणारे अनेक माजी विद्यार्थी देतील.

विखुरणारी भावंडे

तारकागुच्छही कायम टिकत नाहीत. जड ताऱ्यांचे किरण, त्यांचे वारे व महास्फोट उरलेला वायू उडवून लावतात. वायू गेला की त्याचे गुरुत्वाकर्षणही जाते आणि तारे सैल होऊन आकाशगंगेत पांगतात. बहुतेक गुच्छ काही कोटी वर्षांतच विरतात. आपला सूर्यही बहुधा एका गुच्छात जन्मला. त्याची भावंडे आज कोठेतरी दूर विखुरलेली आहेत.

मृत ताऱ्यांनी उधळलेली राख नव्या मेघांत मिसळते. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम सूर्याच्या आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांत घडले. हे कोणा एका जातीच्या माणसांपुरते खरे नाही. सर्व उत्पन्न वस्तू कारणांनी उत्पन्न होतात आणि कारणे सरली की लय पावतात, हा तथागतांचा विचार ताऱ्यांनाही लागू पडतो. येथे कर्त्याची गरज पडत नाही, कारणे शोधण्याची गरज पडते.

1976 च्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या कलम 51 क अन्वये वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, येत्या हिवाळ्यात एका अमावास्येच्या रात्री गावच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन मुलांना मृगातील तो धूसर ठिपका आणि कृत्तिका दाखवाव्यात. साधी द्विनेत्री दुर्बीण मिळाली तर फारच उत्तम. मे महिन्यात मूळ नक्षत्राजवळचे दोन्ही गुच्छ दाखवावेत आणि मुलीच्या पत्रिकेत मूळ आहे म्हणून कोणी कुजबुजले, तर तिलाच पुढे करून त्या नक्षत्राची खरी माहिती सांगावयास लावावी.